मैत्री आणि करार : आधुनिक महाराष्ट्रातील एका नात्याचा इतिहास

१

इतिहासलेखनात मैत्रीला स्वतंत्र प्रकरण सहसा लाभत नाही. राजवटी, चळवळी, संस्था, विचारप्रवाह यांचे इतिहास लिहिले जातात. घराण्यांच्या वंशावळी तपासल्या जातात. जातिसंस्थेची चिकित्सा होते. परंतु दोन माणसे एकमेकांना निवडतात आणि त्या निवडीच्या बळावर एखादे सार्वजनिक कार्य उभे करतात, या घटनेची नोंद बहुधा चरित्रग्रंथातील एखाद्या हळुवार परिच्छेदात होते व तेथेच संपते. मैत्री हा मनाचा विषय आहे, त्याला पुरावा कसला आणि कालक्रम कसला, अशी समजूत या उपेक्षेच्या मुळाशी असावी.

ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. जन्माने मिळणारी नाती आपण पत्करतो; मैत्री आपण करतो. मराठीचा हा क्रियापदभेदच पुरेसा बोलका आहे. ज्या समाजात माणसाचे बहुतेक सर्व व्यवहार कुळ, जात, गाव आणि वतन यांनी आधीच आखून दिलेले असतात, त्या समाजात निवडीने जोडलेल्या नात्याला कार्यक्षेत्र थोडेच उरते. हे क्षेत्र केव्हा विस्तारले, कोणत्या स्थळी विस्तारले आणि त्याच्या विस्ताराबरोबर कोणते नवे प्रश्न उद्भवले, हे विचारणे म्हणजे आधुनिकतेच्याच इतिहासातील एक प्रश्न विचारणे होय.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ज्या संस्थांनी आधुनिक जीवनाचा पाया घातला, त्यांतील कित्येकांचा उगम मैत्रीत आहे. परंतु मैत्रीतून संस्था निर्माण झाली की तिला करार लागतो, आणि करार आला की मैत्रीची खरी कसोटी सुरू होते. हे दाखविण्यासाठी प्रथम शब्दांचा व नंतर काही परिचित घटनांचा आधार घेतला आहे. घटना वाचकांच्या माहितीतल्याच आहेत. त्यांकडे पाहण्याची बाजू तेवढी निराळी आहे.

२

‘मित्र’ हा शब्द प्राचीन आहे, आणि त्याचा प्राचीन अर्थ आपल्या आजच्या कल्पनेस थोडा धक्का देणारा आहे. ऋग्वेदातील मित्र ही देवता माणसांना एकत्र आणते, त्यांना दिल्या शब्दाला बांधून ठेवते. प्राचीन इराणी भाषेतील ‘मिथ्र’ या सजातीय शब्दाचा अर्थ करार असा आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९०७ साली या देवतेचे मूळ स्वरूप करार हेच होय असे प्रतिपादन केले, आणि पुढील संशोधनाला त्यामुळे निश्चित दिशा मिळाली. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात हित्ती आणि मितन्नी या राज्यांत झालेल्या तहात साक्षीदार म्हणून ज्या देवतांना पाचारण केले आहे, त्यांत मित्र आणि वरुण आहेत. तहाला साक्षी म्हणून मित्रच का, याचे उत्तर शब्दाच्या अर्थातच आहे.

पुढे राजनीतीच्या परिभाषेतही ही छटा टिकली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्या सात प्रकृती सांगितल्या आहेत. स्वामी ही पहिली आणि मित्र ही सातवी. येथील मित्र म्हणजे जिवलग नव्हे. तो आपल्या हितसंबंधांशी बांधलेला दुसरा राजा होय. पेशवेकालीन पत्रव्यवहारात निजामाशी किंवा इंग्रजांशी ‘दोस्ती’ आणि ‘स्नेह’ असल्याचे उल्लेख येतात, तेही याच जातीचे. तेथे दोस्तीची कलमे असतात, आणि कलम मोडले की दोस्तीही मोडते.

व्यवहारातील मराठीने मात्र जवळिकीसाठी दुसरे शब्द वापरले. ‘सखा’, ‘सोयरा’, ‘सांगाती’, ‘गडी’ हे शब्द संतवाङ्मयाच्या वाचकास सुपरिचित आहेत. यांपैकी ‘सोयरा’ हा मूळचा आप्तसंबंधाचा शब्द. ज्याच्याशी लग्नसंबंध होतो तो सोयरा. ‘गडी’ हा खेळातला वा कामातला भागीदार. ‘सोबत’ हा शब्द अरबी ‘सोहबत’वरून फारसीच्या द्वारे आला, आणि त्यावरून ‘सोबती’ सिद्ध झाला. त्याचा रोख एकत्र असण्यावर, एकत्र वाट चालण्यावर आहे. संतांनी हे शब्द मोठ्या धैर्याने विस्तारले. ज्ञानेश्वरांच्या पसायदानात मैत्रभावाची मागणी जीवमात्रासाठी आहे. वारीच्या वाटेवर विविध जातींची माणसे एकमेकांच्या पाया पडली. तथापि त्या जवळिकीच्या मध्यभागी विठ्ठल होता. दोन माणसांनी केवळ एकमेकांच्या गुणांवरून एकमेकांना निवडावे, ही कल्पना त्या शब्दांत अभिप्रेत होती असे म्हणता येत नाही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा जुन्या पत्रांच्या मायन्यांत सापडतो. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, शास्त्र्याला ‘वेदशास्त्रसंपन्न’, धनिकाला ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’, सुवासिनीला ‘सौभाग्यवती’, विधवेला ‘गंगाभागीरथी’. पत्राचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वी लेखकाला समोरच्या व्यक्तीचे वय, नाते, जात, सांपत्तिक स्थिती आणि वैवाहिक अवस्था ठाऊक असावी लागे. नमस्कार, दंडवत, रामराम, आशीर्वाद यांचीही वाटणी ठरलेली होती. या रचनेत समवयस्क स्नेह्याला ‘राजश्री’ व ‘स्नेहांकित’ यांच्यामध्ये एक चिंचोळी जागा होती. ‘प्रिय मित्र’ हा मायना रूढ झाला तो इंग्रजी पत्रपद्धतीचा परिचय झाल्यावर. हे केवळ अनुकरण होते असे मानले तर आपण एक महत्त्वाची गोष्ट गमावू. मायना बदलला, कारण ज्याला पत्र लिहावयाचे ते माणूस आता जुन्या कोष्टकातील कोणत्याच घरात नीट बसत नव्हते.

३

असे माणूस भेटण्याची स्थळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निर्माण होऊ लागली. मिशनच्या आणि सरकारच्या शाळा ही त्यांतील पहिली. जोतीराव फुले (जन्म १८२७) आणि सदाशिव बल्लाळ गोवंडे यांचा स्नेह शाळेतला. एक माळी, एक ब्राह्मण. जुन्या व्यवस्थेत त्यांच्यामध्ये यजमान-भिक्षुकाचा किंवा मालक-कुळाचा संबंध आला असता, बाकावर शेजारी बसणाऱ्यांचा आला नसता. गोवंडे नोकरीनिमित्त अहमदनगरला गेले असता जोतीराव त्यांच्याकडे गेले व तेथील मिशनची मुलींची शाळा त्यांनी पाहिली. १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा उघडली गेली तिच्या पूर्वपीठिकेत ही भेट आहे. पुढे शाळांच्या कामात गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे ही ब्राह्मण मित्रमंडळी जोतीरावांच्या बरोबर होती. या कार्यापायी त्यांना वडिलांचे घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख या मित्राने त्यांना व सावित्रीबाईंना आसरा दिला, असे चरित्रकार सांगतात.

त्याच १८४८ सालातील एक प्रसंग मात्र या नव्या नात्याची मर्यादाही दाखवितो. जोतीराव एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत चालत असता वरातीतील मंडळींनी जातीवरून त्यांचा अपमान केला. या प्रसंगाची चर्चा जातिभेदाच्या संदर्भात नेहमी होते व ती योग्यच आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एक तपशील ध्यानात घ्यावयास हवा. आमंत्रण मित्राने दिले होते. हुसकावून लावले ते मित्राच्या आप्तांनी. मैत्री शाळेच्या आवारात सिद्ध झाली होती, आणि वरात हे कुळाचे व जातीचे क्षेत्र होते. निवडलेले नाते आणि लाभलेले नाते यांचा सामना रस्त्यावर झाला, त्यात निवडलेले नाते हरले. जोतीरावांनी पुढे १८७३ साली सत्यशोधक समाजाची स्थापना केली, ती पाहता या पराभवाचा अर्थ त्यांनी नेमका ओळखला होता असे म्हणावयास हरकत नाही. व्यक्तिगत मैत्री जातीला ओलांडू शकते, परंतु तेवढ्याने जात हटत नाही. त्यासाठी समाज उभारावा लागतो.

महाविद्यालये ही मैत्रीची दुसरी भूमी. पुण्यात १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा १८५१ साली पूना कॉलेजात आणि १८६४ साली डेक्कन कॉलेजात परिणत झाली; १८६८ साली ते कॉलेज येरवड्याच्या नव्या वास्तूत गेले. शहरापासून दूर, नदीपलीकडे, टेकडीच्या आश्रयाने राहणारे विद्यार्थी तेथे एकत्र आले. त्यांत उच्चवर्णीयांचाच भरणा होता, म्हणून निवडीचे वर्तुळ अरुंदच राहिले. तरी घरच्या वडीलधाऱ्यांची नजर नाही, उपजीविकेची विवंचना अजून प्रत्यक्ष अंगावर आलेली नाही, आणि हाताशी मिल्ल आणि स्पेन्सर यांचे ग्रंथ आहेत, अशी ही काही वर्षे मराठी तरुणाला यापूर्वी कधी लाभली नव्हती. रात्ररात्र वाद घालणे हा या जीवनाचा एक नवा व्यवहार होता. शास्त्रार्थाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे; पण शास्त्रार्थात हार-जीत असते. येथे वाद घालणारे दोघेही वादानंतर एकाच बाजूला असत.

४

गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक हे दोघेही १८५६ सालच्या जुलै महिन्यात जन्मले. आगरकर १४ तारखेला कऱ्हाडजवळील टेंभू येथे, टिळक २३ तारखेला रत्नागिरीस. टिळकांच्या घरी मध्यम स्थितीतील शिक्षकाचे स्थैर्य होते. आगरकरांनी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करीत विद्या मिळविली होती. १८७९ च्या सुमारास टिळक कायद्याचा आणि आगरकर एम. ए.चा अभ्यास करीत असता डेक्कन कॉलेजात त्यांचा स्नेह दृढ झाला. सरकारी नोकरी पत्करावयाची नाही आणि आयुष्य लोकशिक्षणास वाहावयाचे, असा निश्चय दोघांनी केला. या निश्चयाला साक्षी कोणी नव्हते आणि कागदही नव्हता. तो मित्रांमधला शब्द होता.

या शब्दातून दहा वर्षांच्या आत काय काय निर्माण झाले याची नुसती यादी पाहिली तरी आश्चर्य वाटते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडल्यावर या तरुणांनी त्यांना गाठले आणि जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. महादेव बल्लाळ नामजोशी त्यांना येऊन मिळाले, एम. ए.च्या परीक्षेमुळे आगरकर काहीसे मागाहून रुजू झाले. जानेवारी १८८१ मध्ये ‘मराठा’ आणि ‘केसरी’ ही पत्रे निघाली. ‘केसरी’चे संपादकत्व आगरकरांकडे आले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली, आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज उघडले. हे सर्व करणारी मंडळी विशी-तिशीतली होती. चिपळूणकर तर १८८२ च्या मार्चमध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तले. भांडवल, वतन, राजाश्रय यांपैकी काहीही आरंभी त्यांच्यापाशी नव्हते. परस्परांवरचा विश्वास हेच त्यांचे भांडवल होते.

कोल्हापूर प्रकरणी या विश्वासाची पहिली परीक्षा झाली. छत्रपती चौथे शिवाजी यांच्या छळासंबंधी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवणारा मजकूर दोन्ही पत्रांनी छापला. आधारभूत कागद बनावट ठरले, आणि जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. खटल्याच्या वेळी जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी जामिनाची रक्कम उभी केली, हा तपशील पुढील काळातील पक्षभेद ध्यानात घेता मुद्दाम आठवावा असा आहे. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. त्या दिवसांवर आगरकरांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. ‘हॅम्लेट’चे त्यांनी केलेले ‘विकारविलसित’ हे भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध झाले, तेही याच काळाचे अपत्य.

डोंगरीच्या पुस्तकाचे एक वैशिष्ट्य भाषेच्या अभ्यासकाला विशेष जाणवते. त्याच्या नावातच ‘आमचे’ हे सर्वनाम आहे. मराठीत ‘आपले’ आणि ‘आमचे’ यांत भेद आहे : ‘आपले’ श्रोत्यालाही सामावून घेते, ‘आमचे’ त्याला बाहेर ठेवते. वाचकाला आदराने बाहेर ठेवून दोघांनी मिळून भोगलेला काळ सांगणारे हे ‘आमचे’ मराठी गद्याच्या इतिहासात दुर्लक्षित राहू नये. घराण्याचे ‘आमचे’, जातीचे ‘आमचे’, गावाचे ‘आमचे’ भाषेत पूर्वीपासून होते. हे ‘आमचे’ दोन मित्रांचे आहे.

५

त्यानंतर पाच वर्षांत ‘आमचे’ विभागले गेले. समाजसुधारणेच्या प्रश्नावर, विशेषतः बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाह व वैधव्य यांविषयी मांडलेल्या टिपणांनंतर, दोघांची मते उघडपणे भिन्न झाली. ऑक्टोबर १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढील वर्षीच्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ काढला. त्याच्या इंग्रजी विभागास गोपाळ कृष्ण गोखले यांचे साहाय्य होते. १८९० च्या अखेरीस टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीशी असलेला संबंध तोडला. पुढे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी दोन्ही पत्रे एकमेकांवर तुटून पडली, आणि सनातनी मंडळींनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यापर्यंत मजल गेली.

या फुटीची कारणमीमांसा दोन रीतींनी केली जाते. एक पक्ष म्हणतो, आधी राजकीय की आधी सामाजिक, हा तत्त्वाचा भेद होता. दुसरा म्हणतो, स्वभावभेद व संस्थेतील पैशाचे वाद हे खरे कारण. दोन्ही कारणे खरी आहेत. परंतु ती एकमेकांत कशी गुंतली हे पाहिल्यावाचून उलगडा होत नाही. सोसायटीच्या आजीव सभासदाने वीस वर्षे सेवा करावयाची आणि मासिक पंच्याहत्तर रुपयांच्या आसपास वेतन घ्यावयाचे, अशी व्यवस्था होती. प्रश्न निघाला तो असा : सभासदाने बाहेरचे काम करावे काय, बाहेरची मिळकत घ्यावी काय, अडचणीत असलेल्याला संस्थेने जादा साहाय्य करावे काय? टिळकांचे म्हणणे असे की सर्वस्व वाहण्याचा निश्चय हा संस्थेचा पाया आहे, त्यात सूट देता कामा नये. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ठरलेले काम नीट केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा.

येथे आपण ‘मित्र’ शब्दाच्या त्या जुन्या अर्थापाशी परत येतो. १८७९ चा शब्द मैत्रीतला होता. त्यात कलमे नव्हती, कारण कलमांची गरज भासली नव्हती. १८८४ साली त्याच शब्दाची घटना व नियम झाले. मग नियमाचा अर्थ लावण्याची वेळ आली तेव्हा प्रत्येकाने तो मूळ शब्दाच्या आधारे लावला, आणि मूळ शब्द प्रत्येकाच्या मनात निराळा होता. नियमाविषयीचा मतभेद म्हणून मिटला असता तो वाद शब्द मोडल्याचा आरोप होऊन बसला. वर्तमानपत्राच्या बाबतीतही तेच घडले. ‘केसरी’चे मत म्हणजे संपादकाचे मत, की चालकमंडळींचे? जोपर्यंत मते जुळत होती तोपर्यंत हा प्रश्न उत्तराविना राहू शकला. मैत्रीने संस्थेला जन्म दिला, परंतु मैत्रीवर विसंबल्यामुळे संस्थेचे नियम वेळीच सुस्पष्ट झाले नाहीत. आणि ते झाले नाहीत म्हणून अखेर मैत्रीच खर्ची पडली.

मात्र एक गोष्ट खर्ची पडली नाही. दोघेही एकाच मराठीत भांडले. डेक्कन कॉलेजातील वादांनी जी युक्तिवादाची भाषा घडविली होती, ती दोन्ही पत्रांत टिकली : पूर्वपक्ष मांडावा, त्याची कारणे पाहावी, मग उत्तर द्यावे. आगरकरांनी १८८८ साली, म्हणजे ‘केसरी’ सुटल्यानंतर वर्षभराच्या काळात, ‘वाक्यमीमांसा’ हे मराठी वाक्याच्या पृथक्करणावरील पुस्तक प्रसिद्ध केले. वाक्याचे घटक नीट सुटे करून पाहावेत ही दृष्टी त्यांच्या सामाजिक लेखनातही आहे. प्रतिपक्षास समजेल अशा भाषेत त्याचा प्रतिवाद करणे, हा एका अर्थाने त्या जुन्या सहवासाचाच अवशेष होता.

१७ जून १८९५ रोजी आगरकर निवर्तले. वय एकोणचाळीसही पुरे नव्हते. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद त्यांच्याकडे १८९२ पासून होते. ‘केसरी’त टिळकांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. मृत्यूसमोर मतभेद मागे पडतात आणि जुन्या आठवणी जाग्या होऊन लेखणी अडखळते, असा त्यातील भाव आहे. मृत्युलेखातील सौजन्य हा एक संकेत असतो हे मान्य करूनही, या लेखाला निराळे मोल आहे. कराराची बाजू संपल्यावर जे उरले ते त्यात उमटले आहे. ते आठ वर्षे आधी उमटते तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा आहे. पण वाचकाच्या मनात तो उठल्यावाचून राहात नाही.

६

येथवरच्या विवेचनातील सर्व मित्र पुरुष आहेत. स्त्रियांना निवडीचे स्वातंत्र्य याहून कितीतरी कमी होते. म्हणून त्यांची उदाहरणे थोडी, परंतु अधिक अर्थपूर्ण आहेत. आनंदीबाई जोशी यांच्या शिक्षणासाठी गोपाळराव जोशी यांनी अमेरिकन मिशनऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार तेथील एका नियतकालिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो वाचला आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. काही वर्षे पत्रांतूनच हा स्नेह वाढला. १८८३ साली आनंदीबाई कलकत्त्याहून पतीविना निघून अमेरिकेस पोहोचल्या, त्या कार्पेंटरबाईंच्या भरवशावर. मार्च १८८६ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या व न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या.

आनंदीबाई कार्पेंटरबाईंना ‘मावशी’ म्हणत. धर्म, देश, वर्ण, वय यांपैकी काहीच समान नसलेल्या या स्नेहाला मराठीत तयार शब्द नव्हता. म्हणून आप्तवाचक शब्द पुढे आला. यात भाषेचे दारिद्र्य पाहण्यापेक्षा तिची युक्ती पाहावी. ज्या घरात परक्या स्त्रीला जागा नाही, त्या घरात मावशीला आहे. निवडलेल्या नात्याने लाभलेल्या नात्याचे नाव धारण केले आणि उंबरठा ओलांडला. अस्थींची जागा मात्र कुळाची असते. ती एका परदेशी कुटुंबाच्या भूमीत मिळाली, तेव्हा ‘मावशी’ हे नाव केवळ उपचाराचे नव्हते हे सिद्ध झाले.

धोंडो केशव कर्वे यांची कथा याच सूत्राला जोडलेली आहे. टिळकांच्या राजीनाम्यामुळे फर्ग्युसन कॉलेजात गणिताच्या अध्यापकाची जागा मोकळी झाली, तिच्यावर १८९१ साली गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे आले. एल्फिन्स्टन कॉलेजातील ओळख त्यामागे होती. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची विधवा बहीण गोदूबाई ही पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. कर्व्यांच्या मुरूड गावाने बहिष्कार घातला. म्हणजे जन्माने लाभलेल्या नात्यांनी दार लावून घेतले. १८९६ साली सुरू झालेला अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ चे महिला विद्यापीठ यांच्या पाठीशी उभे राहिले ते निवडलेल्या नात्यांचे जाळे. एका मैत्रीच्या भंगाने जी जागा रिकामी केली, ती दुसऱ्या मैत्रीने भरली, आणि तिच्यातून स्त्रीशिक्षणाचा एक नवा अध्याय सुरू झाला.

७

विसाव्या शतकात हे नाते सुशिक्षितांच्या वर्तुळाबाहेर पडले. मुंबईच्या गिरणगावात कोकण व घाटावरून आलेले कामगार गाळ्यांत दाटीने राहिले, खानावळीत जेवले, व्यायामशाळा, भजनी मंडळे व कलापथके यांत एकत्र आले. प्रथम गाववाले म्हणून एकत्र आलेली ही माणसे साच्यावरचे सोबती आणि संपातले साथी झाली. शहरांच्या वस्त्यावस्त्यांतून ‘मित्रमंडळ’ हा शब्द फलकांवर झळकू लागला. १८९० नंतरच्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्या परंपरेला पुढे असंख्य मित्रमंडळांनी आपलेसे केले. ज्या भाषेत समूहाचे नाव जातीवरून, कुळावरून वा देवावरून पडत असे, त्या भाषेत एखाद्या आळीने स्वतःला मित्रांचे मंडळ म्हणावे, ही घटना लहान नव्हे. त्या फलकामागे पुष्कळदा एकाच जातीची वस्ती असते हेही खरे. शब्दाने दिलेले वचन आणि वस्तुस्थिती यांतील हे अंतर वरातीतून परत फिरलेल्या जोतीरावांना अपरिचित वाटले नसते.

आजच्या जीवनात मैत्रीचे महत्त्व वाढले आहे असे सर्वत्र म्हटले जाते. कुटुंबे लहान झाली, माणसे कामासाठी गाव आणि देश सोडून गेली, आजारपणात व अडचणीत शेजारी वा सहकारी उपयोगी पडू लागले, ही कारणे उघड आहेत. परंतु वरील इतिहासावरून महत्त्वाचा आणखी एक अर्थ निघतो. आधुनिक संस्था, मग ती शाळा असो, पत्र असो, संघटना असो वा विद्यापीठाचा विभाग असो, परस्परांशी नाते नसलेल्या माणसांनी एकत्र काम करण्यावर चालते. त्या कामाला नियम लागतात, आणि मित्रांनी आपापसांत नियम स्पष्ट करणे हा अविश्वास नसून मैत्रीचे रक्षण होय, हे १८९० च्या फुटीवरून शिकता येते. उलट केवळ नियमांवरही संस्था उभी राहत नाही. न्यू इंग्लिश स्कूलच्या आरंभी कोणतेही कलम नव्हते, आणि कोणत्याही कलमाने ते सुरू झाले नसते. मतभेद झाल्यावर करार मोडता येतो. मैत्रीची कसोटी मात्र तेथूनच पुढे लागते. ज्याच्याशी आपले पटते त्याच्याशी मैत्री राखणे सोपे आहे. ज्याच्याशी पटेनासे झाले त्याच्याविषयी न्यायाने बोलणे आणि तेही त्याच्या हयातीत बोलणे, हे कठीण आहे, आणि सार्वजनिक जीवनाला गरज त्याचीच आहे.

या विषयाची साधने विपुल आहेत, परंतु या दृष्टीने ती अद्याप पुरेशी तपासली गेलेली नाहीत. संस्थांची इतिवृत्ते, राजीनाम्यांचे मसुदे, पत्रांचे बदलते मायने, मृत्युलेख, वस्त्यांतील मंडळांची नावे व त्यांच्या घटना, एकमेकांना हाक मारताना वापरलेली सर्वनामे, यांचा पद्धतशीर संग्रह झाला तर आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास एका नव्या बाजूने लिहिता येईल. ‘तुम्ही’चे ‘तू’ केव्हा झाले, आणि ‘आमचे’ची जागा पुन्हा ‘माझे’ आणि ‘त्यांचे’ यांनी केव्हा घेतली, याचे उत्तर व्याकरणात सापडेल तितकेच दफ्तरांतही सापडेल. पदव्युत्तर अभ्यासकांपैकी कोणी दोघांनी हे काम मिळून हाती घेतले, तर आरंभीच कोणता भाग कोणाचा हे त्यांनी कागदावर लिहून ठेवावे, आणि मग तो कागद बाजूस ठेवून कामाला लागावे.